फक्त टेस्ट आहे!

ताईच्या घरच्या बेसमेंटमध्ये गेल्या सप्टेंबरात मी तीन आठवडे मेलो. रोज नाही. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी, रात्रीची जेवणं झाल्यावर. भावोजी वर भांडी डिशवॉशरला लावत असायचे, ताई उद्याच्या डब्यांची भाजी चिरत असायची आणि मी खाली गार फरशीवर उताणा. कपाळावर कोकमाचं आगळ.

"मामा, तू डेड आहे. श्वास नको घेऊ."

"किती वेळ?"

"फक्त टेस्ट आहे."

ही आमच्या डायरेक्टरची सही. वय वर्षं सोळा, इयत्ता अकरावी, मुक्काम एडिसन, न्यू जर्सी. नाव दुसरं आहे, पण सप्टेंबरपासून घरात त्याला कोणी नावाने हाक मारली नाही. एक आजी सोडून. तिच्यासाठी तो सोन्याच. शाळेत त्याने फिल्मचा विषय घेतला, आणि बाईंनी काम दिलं: थ्रिलर सिनेमाची फक्त सुरुवात बनवून आणा. दोन मिनिटं. पुढचा सिनेमा नको.

दुसरा एखादा मुलगा मित्राला मास्क घालून झाडामागे उभा करता, शनिवारी शूटिंग आणि रविवारी एडिटिंग करून सोमवारी मोकळा होता. आमच्या डायरेक्टरने त्या शनिवारी एक जाड वही आणली, तिला रंगीत खुणेच्या पट्ट्या लावल्या आणि पहिल्या पानावर वेळापत्रक आखलं. दोन मिनिटांच्या सिनेमाला नऊ आठवडे. त्यातलं प्रत्यक्ष शूटिंग एका संध्याकाळी, शेवटच्या आठवड्यात.

ही जात मला परकी नाही. भावोजींनी गाडी घेण्याआधी सात महिने एक्सेलची शीट चालवली होती. त्यातल्या दोन गाड्यांचं उत्पादन तोवर बंद झालं. भावोजींचे वडील एसटीची वेळापत्रकं जमवून अष्टविनायकाचा असा आराखडा करत, की कुठल्या गणपतीला किती मिनिटं द्यायची ते नारळ फोडण्याच्या वेळेसकट लिहिलेलं असे. आजी सांगते, शेवटी ती शेजाऱ्यांच्या जीपमधून जाऊन आली, हे गृहस्थ घरी आराखडा सुधारत होते. मी हसतो, पण माझ्याही कपाटात कादंबरीसाठी घेतलेली वही आहे. तिच्यात पात्रांची यादी आहे, त्यांचे रक्तगट आहेत, आणि कादंबरी नाही.

तर पहिला टप्पा प्रेक्षकांचा अभ्यास. त्याने बावीस प्रश्नांचा फॉर्म केला. आपल्या लोकांसाठी मराठीतही हवा म्हणून कॉम्प्युटरकडून भाषांतर करून घेतलं. पहिलाच प्रश्न: 'आपण थ्रिलरचे किती वारंवार सेवन करता?' आजी म्हणाली, "अनशापोटी का जेवणानंतर?"

फॉर्म वाटायला त्याने मुहूर्त निवडला गणपतीचा. ओळखीतल्या एका घरी आरती, नंतर सगळ्यांनी एकेक पदार्थ आणून केलेलं जेवण, साठेक माणसं. प्रसादाच्या रांगेत मोदकाच्या ताटाशेजारी याने क्यूआर कोडचा कागद चिकटवला. दोन वडीलधाऱ्यांनी तो देणगीचा समजून पाच-पाच डॉलर काढले. डायरेक्टरने ते परत केले नाहीत, 'प्रॉडक्शन बजेट' म्हणून वहीत नोंदवले.

उत्तरं मात्र भरभरून आली. आवडता थ्रिलर या प्रश्नाला जुन्या मंडळींनी 'पाठलाग' आणि 'हा खेळ सावल्यांचा' लिहिलं, एकाने 'शोले' लिहिलं. 'तुम्हाला कशाची भीती वाटते?' याला त्याने भूत, अंधार, एकटेपणा, खुनी असे पर्याय दिले होते. ते कोणी निवडलेच नाहीत. खाली 'इतर' असा रकाना होता, सगळी गर्दी तिथे. प्रॉपर्टी टॅक्सचं पाकीट. मुलगी ड्रायव्हिंग शिकताना शेजारच्या सीटवर बसणं. कॉलेजची फी. ग्रीन कार्डची रांग. एका काकांनी तीन परिच्छेदांत पूर्वीची मराठी रहस्यनाटकं किती दर्जेदार होती ते लिहिलं आणि शेवटी भीती कशाची ते लिहायचं विसरले.

"मामा, हे डेटा खराब आहे," डायरेक्टर म्हणाला. त्याच्या मराठीत नाम कुठल्याही लिंगाचं असू शकतं, त्याबद्दल तो उदार आहे.

भावोजींना मात्र उमेद आली. मुलगा त्यांच्या प्रांतात आला होता. ते म्हणाले, "अरे, हा धंदा आपल्या शेजारचाच! जॉर्ज गॅलप, निवडणुकांचे कौल घेणारा, त्याने 1940 च्या सुमाराला प्रिन्स्टनमध्ये सिनेमाच्या प्रेक्षकांचा अभ्यास करणारी संस्थाच काढली होती. हॉलिवूडवाले त्याला विचारून नटनट्या ठरवायचे, सिनेमाची नावं ठरवायचे." प्रिन्स्टन ताईच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर. त्या रात्री बापलेक एक वाजेपर्यंत 'इतर' या रकान्याचे रंगीत आलेख काढत बसले होते.

मी अजून मेलेलाच होतो. कारण मूळ कल्पना प्रेताची होती: बेसमेंट, प्रेत, वर पावलांचा आवाज. रक्तासाठी त्याने आधी चॉकलेटचं सिरप आणलं. "हिचकॉकने पण हेच वापरलं होतं, 'सायको'मध्ये." ते खरं आहे, पण 1960 चा तो सिनेमा कृष्णधवल होता. रंगीत कॅमेऱ्यात मी न्हाणीघरातल्या खुनाऐवजी वाढदिवसाच्या केकसारखा दिसलो. मग टोमॅटो केचप, बिटाचा रस, आणि ओक ट्री रोडवरच्या दुकानातून आणलेलं आगळ. कुंकू पाण्यात कालवायला निघाला तेव्हा आजीने हातातली वाटी काढून घेतली. "कुंकवाचं रक्त करायचं नाही. केचप हवं तेवढं घे." हा सेन्सॉर त्याने निमूट मानला, वहीत लिहिलंसुद्धा: 'कुंकू: नाही. कारण: आजी.'

चौथ्या आठवड्यात तो गंभीर चेहऱ्याने खाली आला. "मामा, उठ. डेड बॉडी रिस्की आहे." कुठेतरी त्याने वाचलं होतं, की बिली वाइल्डरच्या 'सनसेट बुलेव्हार्ड'ची मूळ सुरुवात शवागारात होती, आणि तिथली प्रेतं एकमेकांशी गप्पा मारायची. इलिनॉयमधल्या एव्हन्स्टनला सिनेमा लोकांना आधी दाखवून पाहिला, तर लोक खो खो हसले. वाइल्डरने तो सगळा भाग कापून टाकला. 1950 मध्ये सिनेमा आला तो तलावात तरंगणाऱ्या प्रेतापासून.

"पण मी कुठे गप्पा मारतो?"

"तू घोरतो."

तलाव म्हटल्यावर त्याला 'जॉज' आठवला. तिथेही आधी डॅलसमध्ये लोकांना सिनेमा दाखवला होता, लोक किंचाळले, आणि स्पिलबर्गला आणखी एका किंकाळीचा मोह झाला. म्हणून त्याने संपादिकेच्या घरच्या पोहण्याच्या तलावात, पाणी गढूळ दिसावं म्हणून त्यात दूध ओतून, बुडालेल्या होडीतून डोकं बाहेर येतं तो तुकडा नव्याने घेतला. डायरेक्टरने बाथटबचं माप काढून ताईकडे दोन गॅलन दूध मागितलं. ताईने काही न बोलता फ्रिजचं दार बंद केलं. त्या आठवड्यात घरी खरवसाच्या वड्यांचा बेत होता, त्यामुळे दुधाच्या बाबतीत वाटाघाटींना जागा नव्हती.

मग प्रकाशाच्या टेस्ट सुरू झाल्या. या माणसाचं खरं प्रेम तिथे आहे. चेहरा उजळणारा मुख्य दिवा तो 'की', सावली थोडी सौम्य करणारा तो 'फिल', मागून केसांवर कड काढणारा तो 'बॅक'. हे तीन शब्द आमच्या घरात मीठ, मोहरी, हिंग यांच्या बरोबरीने उच्चारले जाऊ लागले. हार्डवेअरच्या दुकानातून चिमट्याचे दिवे आले. खिडक्यांना कचऱ्याच्या काळ्या पिशव्या लागल्या. ताईने दिवाळीच्या चकल्यांसाठी आणलेला बटर पेपर दिव्यांवर गेला आणि चकल्या थेट ताटात पडल्या. मी खुर्चीत बसायचो, तो दिवा वीतभर सरकवायचा, फोटो काढायचा, वहीत नंबर लिहायचा. टेस्ट अकरा. टेस्ट बारा. बाराचा पोटभाग ब.

"मामा, तुझा नाक शाइन मारतो."

"आमच्या घराण्याचा आहे तो."

"पावडर लाव. फक्त टेस्ट आहे."

तेराव्या टेस्टला व्हिडिओत काळे पट्टे वरून खाली सरकायला लागले. दोन दिवस घर सुतकात असल्यासारखं होतं. मग भावोजींनी शोध लावला: स्वस्त एलईडी मंद केला की लुकलुकतो, डोळ्यांना कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. इथली वीज साठ हर्ट्झची, म्हणून शटर एक साठांशावर बांधायचं. "आपल्याकडे पन्नास हर्ट्झ," ते अभिमानाने म्हणाले, जणू आपण दहा हर्ट्झ आदबीने मागे राहिलो होतो.

हे सगळं ज्या गावात चाललं होतं त्याचं नाव एडिसन असणं मला रोज गमतीचं वाटे. गावाने 1954 साली जुनं नाव टाकून हे नाव घेतलं, कारण मेन्लो पार्क याच हद्दीत. 1879 साली एडिसनचा दिवा तासन् तास टिकून जळला तो इथेच. त्या जागी आज 131 फूट उंच मनोरा आहे आणि त्याच्या डोक्यावर एक भलामोठा काचेचा बल्ब. एका रविवारी डायरेक्टरने सगळ्यांना गाडीत कोंबून वेस्ट ऑरेंजलाही नेलं. तिथे एडिसनच्या 'ब्लॅक मारिया'ची प्रतिकृती आहे. 1893 चा हा सिनेमाचा पहिला स्टुडिओ म्हणजे डांबरी कागदाने मढवलेली एक काळी खोली. छत उघडायचं, आणि ऊन सरकेल तशी अख्खी खोली रुळांवर फिरवायची. तिथे पहिल्या वर्षभरात जे चित्रित झालं त्यात एडिसनच्या कारखान्यातल्या एका माणसाची शिंकही आहे. काही सेकंदांची.

"बघ मामा," डायरेक्टर म्हणाला, "लाइटसाठी त्यांनी पूर्ण बिल्डिंग फिरवला. तू फक्त खुर्ची फिरव."

आजी त्या काळ्या खोलीकडे बराच वेळ बघत होती. म्हणाली, "आमच्या नाशिकच्या फाळक्यांनी बायकोला उन्हात पांढरी चादर धरून उभं केलं होतं म्हणतात, उजेड पडावा म्हणून. घर फिरवण्यापेक्षा ते स्वस्त." परतल्यावर त्याच रात्री ताईच्या हातात पांढरी चादर आली. तिने ती दहा मिनिटं धरली, मग घडी करून कपाटात ठेवली आणि झोपायला गेली. वहीत नोंद: 'चादर: उत्तम. आई: उपलब्ध नाही.'

समईची टेस्ट मात्र मला अजून दिसते. कुब्रिकने 'बॅरी लिंडन'साठी नासाकरता बनवलेली लेन्स मिळवून मेणबत्त्यांच्या उजेडात प्रसंग टिपले, हे कळल्यावर याने आजीची समई मागितली. आजीने अट घातली: जमिनीवर ठेवायची नाही, तोंडाने विझवायची नाही. बाकी वाती तिनेच वळून दिल्या. आणि खरंच, इतके दिवस जे तीन दिव्यांना जमलं नव्हतं ते पाच वातींनी केलं. माझाही चेहरा एखाद्या जुन्या तैलचित्रासारखा दिसला. डायरेक्टर पहिल्यांदा गप्प झाला. मग वाती फुलाने शांत केल्या, धुराची बारीक रेघ वर गेली, आणि नेमकी छतावरच्या स्मोक अलार्मखाली. फोडणीला नेहमी कोकलणारं ते यंत्र असं कोकलायला लागलं, की शेजारचे आजोबा ड्रेसिंग गाऊनमध्ये बाहेर आले. 'प्रेक्षकांचा प्रतिसाद: तीव्र,' असं त्याने लिहिलं.

एवढं सगळं झालं आणि सुरुवातीत काय घडणार हे ठरलेलं नव्हतं. प्रेत गेलं होतं, तलाव गेला होता. आजीला फॉर्म भरता येत नव्हता म्हणून तिची मुलाखत राहिली होती, ती त्याने नाइलाजाने एका दुपारी उरकायला घेतली. मी शेजारी लसूण सोलत होतो.

"आजी, तुला कशाचा भीती वाटते?"

"रात्री वाजलेल्या फोनची," ती लगेच म्हणाली. "तुमचा दिवस असतो तेव्हा तिकडे आमची रात्र. पुण्यात एकटी झोपलेली असते, रात्री दोनला तुमच्याकडून फोन आला की उचलेपर्यंत जीव ठिकाणावर नसतो. बहुतेक वेळा तुझ्या बापाला पासवर्ड हवा असतो."

ओट्यापाशी ताईचा विळीवरचा हात थांबला. "आम्हालाही तेच," ती म्हणाली. "तिकडचा नंबर अवेळी दिसला की..." पुढे बोलली नाही. आमचे आईबाबा साताऱ्याला असतात.

डायरेक्टरने आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. मग वही उघडली. त्या दिवशी त्याने प्रश्न विचारणं बंद केलं, एवढंच मला जाणवलं.

प्रसंग ठरला. अंधारं घर. एक बाई. टेबलावरचा फोन थरथरतो, पडद्यावर +91. ती उचलत नाही. बस. दिवा कुठला? तेवीस टेस्टनंतर निष्कर्ष निघाला, की फोनचाच उजेड तिच्या चेहऱ्यावर पडू द्यायचा. चिमट्याचे सगळे दिवे गॅरेजमध्ये गेले.

फोन खरा यायला हवा म्हणून पुण्याच्या आत्याला कामाला लावलं. ऑक्टोबरमध्येच हिशेब करून तिला सांगितलं: पुढच्या महिन्यात अमुक सोमवारी, तुझ्या सकाळी बरोबर साडेसातला फोन कर. म्हणजे आमच्याकडे रविवारी रात्रीचे दहा. पडद्यावर 'आत्या' दिसू नये, नुसता नंबर दिसावा, म्हणून ताईच्या फोनमधून तिचं नाव आधीच काढून टाकलं. वहीत सगळं होतं. एकच गोष्ट नव्हती: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. आणि शूटिंगचा रविवार नेमका तोच.

रात्री नऊ. मी ताईच्या जागी प्रकाश जुळवायला उभा, डायरेक्टर कॅमेऱ्यामागे, ताई मागच्या ओट्यावर इडलीचं पीठ ढवळत होती. टेबलावरचा फोन थरथरला. ताई पिठाच्या हाताने धावत आली, अनोळखी +91 नंबर पाहिला आणि जागच्या जागी थांबली. मला माझेच हात गार पडल्याचं कळलं. कोणीच काही बोललं नाही. तीन-चार सेकंद असतील. मग तिने मनगटाने फोन दाबला आणि स्पीकरवर आत्या खणखणीत आवाजात म्हणाली, "साडेसात म्हणजे साडेसात! वेळेवर केला ना मी?"

ताई खाली बसली आणि आधी हसली, मग तिने चिरंजीवांना पिठाच्या हाताचीच एक दिली.

कॅमेरा चालू होता. पण डायरेक्टरचं समाधान नाही. "फोकस सॉफ्ट आहे. आणि फ्रेममध्ये मामाची कोपर आहे. हे फक्त टेस्ट होतं." दहा वाजता आत्याने पुन्हा फोन केला. या वेळी ताईला धक्का बसायचा आहे हे माहीत होतं, त्यामुळे तिने मराठी मालिकेतल्या सुनेसारखी तीन वेळा मान वळवली. आजी बाजूला बसून म्हणाली, "सूनबाई, ढगांचा गडगडाट राहिला."

साहजिकच दोन्ही तुकडे 'अ' आणि 'ब' म्हणून लोकांना दाखवायचं ठरलं. दिवाळीच्या फराळाला आमच्या दिवाणखान्यात वीसेक माणसं होती. 'अ' लागला तेव्हा चकल्यांचा आवाज थांबला. एका मावशींनी नकळत पर्समधून फोन काढून पाहिला. सगळी मतं 'अ'ला. शाळेत मात्र वर्गाला प्रसंगच कळेना. अनोळखी नंबर? मग उचलू नका ना, जाहिरातवाले असतील! फोनला कोणी भ्यालं नाही. पण मागच्या अंधारात कोणाचं तरी कोपर आहे, आणि त्या बाईला ते दिसलेलं नाही, याने अर्धा वर्ग खुर्चीत मागे सरकला म्हणे. बाईंनी शेऱ्यात लिहिलं, की ते कोपर ही सर्वांत धाडसी कल्पना आहे. तीन आठवडे प्रेत होऊन पडलो त्याची नोंद कुठे नाही. नाव झालं ते कोपराचं.

आजी डिसेंबरात पुण्याला परतली. तिथे आत्याने तिला तो सिनेमा टीव्हीवर मोठा करून पुन्हा दाखवला. त्या रात्री अकराला ताईकडे फोन वाजला, सगळे दचकलो, तर व्हिडिओवर आजी.

"सोन्या, फार छान झालंय. पण फोन कोणाचा होता ते सांगितलंच नाहीस."

"आजी, ते फक्त सुरुवात आहे. पुढे फिल्म नाहीच आहे."

"ते कळलं रे. पण तुला तरी माहितीय ना, कोणाचा ते?"

डायरेक्टर या सगळ्यात पहिल्यांदाच निरुत्तर झालेला मी पाहिला. तो खाली गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा सगळ्यांच्या फोनवर नवा फॉर्म आला होता. पहिला प्रश्न: 'आपल्या मते फोन कोणाचा होता?' खाली पाच पर्याय, शिवाय 'इतर'.

आजीने या वेळी आत्याकडून फॉर्म भरून घेतला. इतर: 'आत्याचा. सकाळी साडेसातला दुसरं कोण करणार?'